सटवाजीच्या नऊ खुणा

ज्या काळी गावाची शीव माणसाच्या शब्दावर ठरत असे, त्या काळी कोंढरी गावात सटवाजी नावाचा धनगर राहत होता. रानातली खूण न् खूण त्याला ठाऊक होती. मेंढ्यांशी तो दिवसभर बोलत असे. मात्र चार माणसे समोर आली की तो कळपाआड जाऊन उभा राही.

एके वर्षी डोंगराखालच्या झऱ्यावरून कोंढरी आणि शेजारची आसवली यांच्यात तंटा पेटला. रिवाज असा होता की, जाणत्याने शिवेवरची माती डोक्यावर घेऊन चालावे आणि दोन्ही गावांदेखत शिवेच्या नऊ खुणा मोठ्याने सांगाव्यात. एक जरी खूण राहिली, तरी साक्ष खोटी. आणि जाणता एकटा सटवाजीच उरला होता.

तीन खुणा त्याने सांगितल्या. चौथीपाशी त्याची नजर गर्दीकडे गेली आणि पाय लटपटू लागले. तोच त्याच्याच गावचे रायाजी पाटील ओरडले, "काय रे सटव्या, मेंढरांनी जीभ चरली का?" सारी कोंढरी खदखदून हसली. सटवाजीच्या तोंडून पुढे शब्द फुटला नाही. पंचांनी झरा आसवलीला दिला.

कोंढरीच्या बायका पाण्यासाठी दोन कोस चालू लागल्या. सटवाजी रोज घरी भिंतीकडे तोंड करून चौथी खूण पुटपुटत असे. त्याची बायको भिकाई एकदा म्हणाली, "भिंतीला काय सांगताय? माझ्याकडं बघून सांगा की. मी काय पंच हाय व्हय?" त्याने वळून सांगितले. पुढच्याच उन्हाळ्यात पाण्याच्या वाटेवर भिकाई कोसळली, ती पुन्हा उठली नाही.

मग सटवाजी एका वाटसरूला खुणा सांगू लागला, नंतर दोघांना, नंतर भरल्या बाजाराला. असे म्हणतात की, बारा वर्षे तो दुसरे काही बोललाच नाही.

बाराव्या वर्षी त्याच झऱ्याच्या तंट्यासाठी पंच पुन्हा बसले. सटवाजीचे पाय तेव्हाही कापत होते. गर्दीतला एकच चेहरा निवडून, तो भिकाईचा आहे असे मानून, तो एकेक खूण सांगत गेला. असे म्हणतात की, प्रत्येक खुणेच्या दगडाने त्याला हुंकार दिला आणि नवव्या खुणेला झरा पुरुषभर उंच उसळला.

पंचांनी झरा कोंढरीला दिला. रायाजी पाटील मानाचा शेला घेऊन पुढे आले. सटवाजी म्हणाला, "पाटील, त्या दिवशी घटकाभर थांबला असतात, तर मी तवाच बोललो असतो. माझी भिकाई आज इथं असती." झऱ्याचे पाणी न पिताच त्याने कळप हाकला. तो पुन्हा कोणाला दिसला नाही.

कोंढरीच्या सभेत आजही कोणी बोलताना अडखळला, तर कोणी हसत नाही, कोणी शब्द पुरवत नाही. सारे माना खाली घालून थांबतात. पाटलांच्या वंशजाला सर्वांत शेवटी बोलावे लागते. तो उठतो तेव्हा त्याचेही पाय कापतात, असे म्हणतात. आणि त्याला कोणीही 'खाली बस' म्हणत नाही.