टर्बोचा काटा आणि दसऱ्याचं सोनं

"दाब कमी करायचा नाही, आणि इंजिनही फुटता कामा नये!" दुर्जयराजे गरजले.

चांदसुळ्याचं संस्थान विलीन होऊन जमाना लोटला होता. हत्ती गेले, तोफा गेल्या. उरला होता एक गड, एक कारभारी, एक लालभडक टर्बोवाली मोटार आणि पूर्वीइतकाच तोरा. दर दसऱ्याला महाराज मोटारीतून गड उतरत, शिवेवर शिलंगण करत आणि घाट चढून परत येत. पण गेली तीन वर्षं घाटातच इंजिन फुटलं होतं, आणि महाराजांची स्वारी बैल जोडून वर न्यावी लागली होती. गावाला या बैलांची इतकी गोडी लागली होती, की यंदा कुणाची जोडी लावायची यावर चावडीत भांडणं चालली होती.

समोर हौसा मिस्त्रीण उभी होती. राजांच्या जुन्या पागेत आता मोटार असायची. हौसाचा बापही तिथलाच मिस्त्री, आणि हौसा वाढली ती पागेवरच्या दोन खोल्यांत. हातात पाना, तोंडात स्पष्ट बोलणं.

"म्हाराज, टर्बो म्हंजे आग्रह करणारा यजमान," ती म्हणाली. "इंजिनाच्या पोटात कोंबून कोंबून हवा घालतोय. दाबाच्या काट्यावर एक बारपर्यंत इंजिन ते पचवतंय. तुम्ही दीडवर नेऊन ठेवलाय. पोट फुटंल न्हाई तर काय हुईल? मला बॉनेट उघडून एक स्क्रू फिरवू द्या. दाब खाली आणते."

"खाली?" महाराजांच्या मिशा थरथरल्या. "शेजारच्या बोरघोटीकर राजांचा काटा सव्वा बारवर जातो! आणि आम्ही एकवर?"

"इंजिनाला राजघराणी कळत न्हाईत, म्हाराज."

कारभाऱ्यांना ठसका लागला. महाराज मात्र लालबुंद झाले. त्यांनी लाख वितळवून घेतली आणि बॉनेटवर स्वतःच्या हातानं राजमुद्रा उमटवली.

"ऐक! हा शिक्का तुटला, तर तू पागेबाहेर. दसऱ्याला कुणी आम्हाला गाडी हळू चालवा म्हणालं, तरी तू पागेबाहेर. आणि चौथं इंजिन फुटलं, तरीही तूच पागेबाहेर!"

"आन यातलं एकबी झालं न्हाई तर?"

"तर मागशील ते देऊ!" महाराज अगदी उदारपणे म्हणाले. तसं काही होणार नाही याची त्यांना खात्रीच होती.

हौसाला भयंकर राग आला. इंजिन फोडणार हे, आणि घर सुटणार माझं! दुसरीकडे कुठे जायचं, हे तिला खरंच सुचत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं चुन्याची बादली उचलली आणि पायी घाट उतरायला लागली. कुठे गाडी वेग घेते, कुठे टर्बोची शिट्टी सुरू होते, कुठे काटा चढतो, हे तिला पाठ होतं. त्या प्रत्येक ठिकाणी तिनं दगडावर चुन्याचा पट्टा ओढला. अकरा वळणं, अकरा पट्टे. मग ती गावात गेली आणि घरोघर काहीतरी सांगत फिरली. म्हाताऱ्या माणसांना तिचं बोलणं फार आवडलं.

दसऱ्याच्या संध्याकाळी शिलंगण झालं. महाराज गाडी चालवायला बसले, शेजारी अवजारांची पिशवी मांडीवर घेऊन हौसा. महाराजांनी पाय दाबला. सूंऽऽ अशी शिट्टी वाजली, काटा उठला, अर्ध्यावर आला, आणि समोर चुन्याच्या पट्ट्याशी, रस्त्यातच सरूआजी!

"म्हाराज, सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा!"

करकचून ब्रेक लागला. दसऱ्याला सोनं घेऊन पुढे आलेला हात परत पाठवायचा नाही, ही चांदसुळ्याच्या घराण्याची सात पिढ्यांची रीत. महाराजांनी आपट्याची पानं घेतली. आजीनं हात सोडला नाही. गुडघ्याचं दुखणं सांगितलं, सुनेचं सांगितलं, मगच वाट दिली.

महाराजांनी पुन्हा पाय दाबला. सूंऽऽ. काटा अर्ध्यावर. पुढच्या वळणावर तालमीतली सगळी पोरं उभी!

"म्हाराज, सोनं घ्या!"

"अरे, हे सगळे दरवर्षी गडावर येतात ना?" महाराज दात खात म्हणाले.

"चढताना म्हाताऱ्यांना दम लागतोय," हौसा म्हणाली. "मी म्हटलं, घाटातच द्या."

तिसऱ्या वळणावर भजनी मंडळ. चौथ्यावर पोस्टमास्तर सहकुटुंब. सातव्यावर तर एका आजोबांनी महाराजांचं बारसं कसं झालं होतं तेच सांगायला घेतलं. दर वेळी शिट्टी जरा सुरात येई आणि लगेच विझे. गडाच्या दरवाजात मोटार पोचली तेव्हा महाराज गळ्यापर्यंत आपट्याच्या पानांत बुडाले होते, आणि इंजिन शांतपणे गुरगुरत होतं. तिकडे बैलवाले हिरमुसून घरी गेले.

"दगा!" महाराज पानांतून ओरडले. "काटा एकदाही अर्ध्याच्या पुढे गेला नाही! तू दाब उतरवलास!"

"शिक्का बघा, म्हाराज."

कारभाऱ्यांनी वाकून पाहिलं. शिक्का जसाच्या तसा.

"तुमाला कुणी हळू जा म्हटलं?"

"नाही."

"इंजिन फुटलं?"

"नाही! मग दाब उतरला कसा?"

"तुमीच उतरवलासा. पाय उचलला की दाब उतरतोय. तवा बिघाड इंजिनात न्हवताच कदी, म्हाराज. तो तुमच्या उजव्या पायात हाय!"

दरवाजात जमलेली माणसं पुढे सरकली. महाराजांनी खाली आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं.

"मग काय करू म्हणतेस? कापून देऊ?"

"नगं, म्हाराज," हौसा दार उघडून उतरली आणि आपल्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवून म्हणाली, "हितं ठेवा. गाडी मी चालवते!"

महाराज इतके हसले, की सोनं उडून कारभाऱ्यांच्या पागोट्यावर पडलं. हसता हसताच त्यांनी पागा आणि वरच्या दोन खोल्या हौसाच्या नावावर करून दिल्याचं सगळ्यांदेखत जाहीर केलं, गाडीची किल्ली तिच्या हातावर ठेवली, आणि धोतर सावरत पलीकडच्या सीटवर जाऊन बसले.