बोरीच्या गाठीची चिलीम

एका राज्यात धूर वर जात नसे. चूल पेटली की तो जळणातून निघे, जमिनीवर उतरे आणि गुडघाभर पाण्यासारखा घरभर हिंडे. बाया उंच ओट्यावर चुली मांडून उभ्याने भाकऱ्या थापीत. तान्ह्यांचे पाळणे आढ्यालगत टांगलेले असत. होमाचा धूर देवाकडे जायचा सोडून भटजींच्या पायांत घुटमळे, आणि भटजी मंत्र म्हणता म्हणता खोकत. सात वर्षे असे चालले होते, आणि सात वर्षांत माणूस कशालाही सरावतो.

त्याचे कारण असे. राजा सुवर्णध्वज गादीवर बसला त्या वर्षी शिकारीला गेला. टेकडीवर अंगारक नावाचा मांत्रिक चिलीम ओढीत बसला होता. चिलीम लाकडाची, त्याच्या गुरूने हाताने घडवलेली, अगदी साधी. राजाने ती मागून घेतली, उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "काम बरं आहे, पण शेवटी लाकूडच. हिला सोन्यानं मढवू, मग शोभेल." मांत्रिक नको नको म्हणत राहिला आणि चिलीम राजवाड्यात गेली. सोनाराने तापलेले सोने चढवले, माणके जडवली, आणि ती मधोमध तडकली. ती खजिन्यात पडून राहिली. जो तिला हात लावी, त्याच्या तळहाताला फोड येत.

मांत्रिकाने शाप दिला, "तुझ्या राज्यातला धूर सरपटेल. तिच्या तोडीची चिलीम कुणी घडवून आणली, तरच उठेल. आणील आणि चुकेल, तो लाकूड होईल."

राजाने दवंडी पिटली. तेवीस कारागीर टेकडीवर गेले आणि तेवीसही मांत्रिकाच्या अंगणात लाकडाचे होऊन उभे राहिले. तेविसावा रायाजी, लाकूड कातणारा कातारी; म्हाळसा त्याची बायको.

रायाजीच्या हातात कसब होते, यात शंका नाही. त्याने चंदनाच्या चिलमीवर मोर कोरला, पिसाऱ्यातला डोळा न् डोळा सुटा दिसावा असा. सगळे कोरून झाल्यावर तो सामता, म्हणजे दोरीने फिरवायचे गिरमिट, घेऊन भोक पाडायला बसला. म्हाळसा भाकरी घेऊन पडवीत आली होती. ती म्हणाली, "अहो, भोक आधी पाडायचं होतं."

"तू कालवणात मीठ घातलंस का ते बघ जा," रायाजी म्हणाला.

सामत्याचे टोक मोराच्या मानेतून बाहेर आले. रायाजीने तिथे लाख भरली, वरून रंग दिला आणि चिलीम नेली. निखारा पडताच लाख वितळली. तो लाकडाचा झाला तेव्हा त्याचा एक हात पुढे होता, अजून काही समजावून सांगायचे राहिल्यासारखा.

आता म्हाळसाला हे कुठून ठाऊक, असे कुणी विचारील. तिला कुणी शिकवले नव्हते. कातारकामाला बाईने हात लावू नये अशी रीत होती. ती कुणी घातली असे विचारले की सगळे आढ्याकडे बघत. रायाजी बाजाराला गेला की म्हाळसा त्याची हत्यारे काढी आणि टाकाऊ तुकडे घेऊन गोठ्यामागे बसे. तिने अकरा चिलमी केल्या. अकराही बिघडल्या आणि अकराही चुलीत गेल्या. काहींचे भोक चुकले, काही ओल्या लाकडाच्या म्हणून तडकल्या, एकीला तिने आतून तेल चोळले तर धूर कडू आला. शिकवणारा असता तर एवढ्या बिघडल्या नसत्या. एवढे कळलेही नसते.

नवरा लाकडाचा झाल्याचे ऐकले तशी तिने घराला कडी घातली आणि ती टेकडीवर गेली.

अंगारकाच्या दारावर लाल तुऱ्याचा सुतारपक्षी बसला होता. तो म्हणाला, "वाट चुकलीस, म्हातारे. रडायला येणाऱ्या बायका खालच्या वडापाशी बसतात."

"मी रायाजीची बायको. मला रडायचं नाही, काम करायचंय. तुझा धनी कुठाय?"

मांत्रिक बाहेर आला. त्याने तिच्या हातांवरचे घट्टे पाहिले आणि हसू गिळले. "बाई, तीन गोष्टी आहेत. पाणी विसरलेलं लाकूड आण. त्याच्या पोटात दोन वाटा अशा मिळव, की मुंगी न अडखळता जावी. तिसरी राजासमोर कळेल."

"चुकले तर?"

"नवऱ्याच्या शेजारी जागा आहे."

"आणि जमलं तर तो परत. नीट बोलून ठेवा."

"परत. तीन दिवसांत चिलीम इथं हवी."

"माझ्या पडवीत करीन. परक्या जागी हात अवघडतो."

मांत्रिकाने मान डोलावली आणि राखणीला सुतारपक्षी बरोबर दिला.

पहिल्या दिवशी म्हाळसाने लाकूड शोधले नाही. ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि पूर्वी चुलीपाशी बसायचा बुडखा ओट्यावरून उचलून घेऊन आली. बोरीच्या मुळाची ती गाठ होती. तिच्या आईने ती तीन वेळा उकळून, सावलीत सुकवून लेकीला दिली होती. पुढे वीस वर्षे ती चुलीच्या उबेला राहिली. पक्ष्याने चोच मारली. काशाच्या भांड्यासारखा नाद आला.

"हे लाकूड पाणी विसरलंय," तो नाइलाजाने म्हणाला. "पण धूर उठला, तर चुलीपाशी बसशील कशावर?"

"जमिनीवर. मोकळी होईल ती."

दुसऱ्या दिवशी तिने गाठीचा चौकोनी ठोकळा केला, सहाही बाजू सपाट. पक्षी वाशावरून म्हणाला, "माझं अख्खं कूळ लाकडात गेलं, पण अशी ठोंब्यासारखी चिलीम पाहिली नाही. रूप कुठाय हिचं?"

"रूप पळून जात नाही. ठोकळ्याला बाजू आहेत तोवर वाट आखता येते. एकदा गोलाई आली, की नेम धरायला काही उरत नाही. तेवीसजण तिथंच फसले."

तिने गेरूत भिजवलेला दोरा ठोकळ्यावर ताणून सोडला. लाल रेघ उमटली: वरून वाटी कुठवर खोल, बाजूने नळी कुठे जाऊन मिळणार. मग ठोकळा दोन्ही पावलांत आवळला आणि सामत्याची दोरी ओढायला सुरुवात केली. घाई नाही, जोर नाही. दर दहा ओढींनी ती थांबे, भुसा फुंकी, जिभेवर घेई. भुशाची चव बदलली की टोक वाकडे चालले, हे तिला सहाव्या चिलमीने शिकवले होते. दुपार टळली. आत कुठेतरी, कुणाच्या डोळ्याला न दिसता, नळी वाटीच्या बरोबर तळाशी उघडली. हाताला तेवढा अलगद हिसका बसला. म्हाळसाने डोळे मिटले आणि घटकाभर ती तशीच बसून राहिली.

तिसऱ्या दिवशी तिने रूप काढले. भोकांच्या भोवती जेवढे लाकूड हवे तेवढे ठेवले, बाकीचे कानशीने उतरवले. खरवताच्या खरखरीत पानांनी घासले, तळहाताने करडईचे तेल मुरवले. तेव्हा लाकडातल्या रेषा वर आल्या. तळापासून काठापर्यंत सरळ, वारा नसलेल्या ज्योतीसारख्या. आतल्या अंगाला मात्र तेलाचा थेंब लावला नाही. आंबट ताकात कोळशाची पूड कालवून आतून त्याचा पातळ लेप फिरवला आणि वाळू दिला.

पक्षी वाशावरून खाली उतरला, चिलमीभोवती तीनदा फिरला. "मला कुठं चोच मारावीशी वाटत नाही," तो म्हणाला. सुतारपक्ष्याच्या तोंडून याहून मोठा गौरव निघत नाही.

टेकडीवर राजाची पालखी आली होती. अंगणात तेवीस लाकडी माणसे उभी होती. म्हाळसाने एकदाच रायाजीकडे पाहिले आणि चिलीम पुढे केली.

मांत्रिकाने नळीच्या तोंडाशी मुंगी सोडली. मुंगी आत गेली आणि लगोलग वाटीच्या तळातून वर आली. मग त्याने तंबाखू भरला, निखारा ठेवला आणि शेवटच्या चिमटीची राख होईपर्यंत चिलीम ओढली. ती तडकली नाही की कडू झाली नाही. पण धूर त्याच्या तोंडातून निघाला, छातीशी लोंबला आणि गुडघ्याशी जाऊन पडला.

सगळे राजाकडे बघू लागले. राजा म्हणाला, "सुरेख. हिला एक सोन्याचं कडं घातलं की झालं."

म्हाळसाची बोटे जड झाली. तिने खाली पाहिले. पावले घोट्यापर्यंत लाकडाची झाली होती. ती घाबरली नाही असे नाही, पण आधी तिला राग आला.

"महाराज, पालखीतून खाली या. आधी हातात घ्या, मग बोला."

प्रधान पुढे सरसावला, "बाई, कुणाशी बोलतेस?"

"न बघता भाव करणाऱ्याशी. आमच्या बाजारात अशा गिऱ्हाइकाला उभं करत नाहीत."

लाकूड गुडघ्याशी आले. राजा खाली उतरला. त्याने चिलीम हातात घेतली. आत इतका वेळ विस्तव होता, पण तळहाताला ती कोंबडीच्या पिलाएवढी ऊन लागली. त्याने अंगठा फिरवला. कुठे कानशीची खूण नाही, सांधा नाही, डाग नाही. रेषांमागून त्याची नजर तळापासून काठापर्यंत गेली आणि पुन्हा तळाशी आली. लाकूड म्हाळसाच्या कमरेला लागले.

"हिला काही लावायचं नाही," राजा हळू आवाजात म्हणाला. "ही पुरी आहे. त्या वेळची तीही पुरीच होती. मला बघता आलं नाही."

"तिसरी गोष्ट हीच होती," अंगारक म्हणाला.

जमिनीवरचा धूर हलला. गुडघ्यापासून कमरेला, कमरेपासून खांद्याला आला आणि राज्यातल्या प्रत्येक घराच्या कौलांतून दोऱ्यासारखा सरळ वर गेला. म्हाळसाच्या पायांत मुंग्या आल्या. तेवीस माणसे शिंकली. राजाने तडकलेली चिलीम आणवली आणि वरचे सोने स्वतःच्या हाताने सोलून काढले. त्याला फोड आले, तरी तो थांबला नाही. मग ती त्याने मांत्रिकाला परत दिली.

रायाजीने आधी बायकोकडे पाहिले नाही. त्याने राजाच्या हातातली चिलीम पाहिली. ती मागून घेऊन नळीला डोळा लावला आणि वाटीच्या तळापर्यंत बघितले.

"भोक कुणी पाडलं?"

"मी."

"आधी?"

"आधी."

घरी आल्यावर त्याने पडवी झाडली, आपल्या पाटासमोर दुसरा पाट मांडला आणि सामता मध्ये ठेवला. "बस," तो म्हणाला. "वाट कशी आखलीस, मला दाखव."

म्हाळसा बसली. पदराने सामत्यावरची धूळ पुसली.

"दाखवते. आधी कालवणात मीठ घातलंय का ते बघून या."

रायाजी उठला आणि आत गेला. चूल पेटली होती, आणि धूर सरळ वर चालला होता.

तसा तो तुमच्याही घरचा जावो, आणि ज्याच्या हाताला जे काम येते ते त्या हाताला मिळो.