कडा उडालेली कवडी

"काल अडेवुसी तुमच्या अंगणात कशाला आला होता, बाबा?"

प्रश्न आवोतुंदेचा. बाबा फाकुन्लेंकडे तो अकरा वर्षं कौल लावायला शिकत होता. हुशार होता, आणि हे त्याला नको तितकं ठाऊक होतं.

ओकेरिन गावच्या राजाची गादी पाच महिने रिकामी होती. दावेदार दोन, त्यातला एक हा अडेवुसी. आज कौल लागायचा होता.

"भाचा आहे माझा. मामाला भेटायला आला."

"नुसता भेटायला?"

बाबा कौलाच्या सोळा पामबिया फडक्याने पुसत राहिले...

तिथली रीत अशी. गावातला सर्वांत वडील मानकरी दोन कवड्या घेतो आणि आपल्या घराच्या आडोशाला एकेकीच्या कानात एकेका दावेदाराचं नाव सांगतो. मग त्या चटईवर आणून ठेवतो. कुठली कोणाची, हे कौल लावणाऱ्याला कळता कामा नये. बिया फक्त कवडी दाखवतात.

मानकरी बाबांना गुपचूप खूण करतो की काय? या संशयाने आवोतुंदेला झोप नव्हती. म्हणून सकाळी तो मानकऱ्याच्या कुंपणाआड दबा धरून बसला होता.

खूणबिण काही झाली नाही. नावं मात्र स्पष्ट ऐकू आली. कडा उडालेली कवडी अडेवुसीची.

सारं गाव जमलं. मानकऱ्याने कवड्या ठेवल्या, आणि बाबा चटईवरून उठले.

"तू बस."

"मी?"

"भाचा दावेदार असताना मी बसणार नाही. काल त्यालाही हेच सांगितलं."

बाबांनी सोळा बिया त्याच्या ओंजळीत दिल्या. या घडीची तो अकरा वर्षं वाट पाहत होता.

आवोतुंदे बसला. गावाला चटईवर दोन कवड्या दिसत होत्या. त्याला दोन माणसं दिसत होती. मला त्याची खरंच कीव येते.

"बाबा..."

"लाव कौल."

त्याने ओंजळ उचलली, पुन्हा खाली आणली. लोक कुजबुजू लागले.

शेवटी त्याने बिया खाली ठेवल्या आणि बाबांपुढे लोटांगण घातलं.

"शेजारच्या गावातून कोणाला तरी बोलवा. मला बसता येणार नाही."

बाबांनी बिया शांतपणे फडक्यात बांधल्या.

"तुम्हाला ठाऊक होतं?" त्याने मान वर न करता विचारलं.

"मला कुठून ठाऊक असणार? मी थोडाच कुंपणाआड बसलो होतो."