तटापलीकडची रास

खूप जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या नगराचं नाव सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही. भोवती घनदाट जंगल, नगराला तीन पुरुष उंचीचा तट आणि एकच वेस. दिवस मावळला की वेस बंद व्हायची, ती उजाडल्यावरच उघडायची. आपल्याकडे वाघाची भीती नाही, असं तिथले लोक पाहुण्यांना आवर्जून सांगायचे.

बाजारपेठ मोठी होती. दुकानांतल्या चिंध्या, खानावळींतलं खरकटं आणि पत्रावळी, राजाच्या कचेरीतली रद्दी, सगळं एक म्हातारा गाडीवान रोज वेशीबाहेर न्यायचा. खरकटं गुरांना, पत्रावळी खताच्या खड्ड्यात, चिंध्या नि रद्दी कागद करणाऱ्यांना. त्याची अट एकच होती, सगळं वेगवेगळं ठेवायचं.

हे हलवायाच्या फार जिवावर यायचं. "मी पेढे वळू, की उष्टे द्रोण निवडत बसू?" असं तो म्हणायचा. त्याचं घर तटाला लागून होतं आणि गच्ची तटाइतकी उंच. एका संध्याकाळी त्याने टोपली उचलली आणि गच्चीवरून तटापलीकडे रिकामी केली. ना आवाज, ना वास. दृष्टीआड सृष्टी!

शहाण्याचं अनुकरण व्हायला वेळ लागतो, आळशाचं लगेच होतं. महिन्याभरात कापडवाला, खानावळवाला, कचेरीतला कारकूनसुद्धा टोपल्या घेऊन हलवायाचा जिना चढू लागले. उतरताना पेढे घ्यायचे, म्हणून हलवाईही खूश होता.

गाडीवान एकदा म्हणाला, "मालक, त्या राशीवर रानडुकरं येतायत. डुकरांमागे कोण येतं, ते तुम्हाला ठाऊक आहे."

"मग तट कशाला बांधलाय?"

"तट आहे तेवढाच आहे, मालक. रास वाढतेय."

हलवाई हसला. गाडीला काम उरलं नाही, तेव्हा गाडीवान बैल घेऊन आपल्या खेड्याला निघून गेला.

वर्ष उलटलं. राजवाड्यात लग्न निघालं. आदल्या तिन्हीसांजेला वेस नुकतीच बंद झाली होती. हलवायाची म्हातारी आई परसातल्या खोपटात शेळीची धार काढत होती आणि हलवाई टोपली घेऊन गच्चीवर उभा होता. टोपली कलती करणार, तोच खालच्या राशीवर काहीतरी हललं. दोन ढांगांत वाघ तटावर आला, शेळीच्या वासाने थबकला आणि सरळ परसात उतरला.

"वाघ! वाघ!" हलवाई गच्चीवरून ओरडला. आईने खोपटाचं कुडाचं दार ओढून घेतलं आणि शेळीचं तोंड दाबून धरलं. वाघ दारापाशी हुंगू लागला. मग तटाकडे गेला, वर झेपावला आणि घसरून खाली आला. आतून तट गुळगुळीत, स्वच्छ होता. तो पुन्हा दाराकडे वळला.

शेजारी आपापल्या गच्च्यांवर जमले. "वेस उघडा," कापडवाला म्हणाला.

"आणि भर बाजारातून त्याला वेशीपर्यंत नेणार कोण?" कारकुनाने विचारलं.

वाघाने दारावर पंजा मारला. कूड फाटला.

"तो चढून आलाय," हलवाई म्हणाला. "त्याला चढूनच जाऊ दे. तटाच्या आत रास करा."

पण कशाची? हलवायाच्या हातातली टोपली सोडली, तर लग्नाच्या तयारीत सकाळीच सगळ्यांनी झाडून सगळं पलीकडे टाकलेलं. नगरात एक फाटकं पोतंही नव्हतं. मग हलवायाने साखरेचं भरलेलं पोतं गच्चीवर ओढत आणलं आणि तिथून परसात, तटाच्या पायथ्याशी ढकललं. मागोमाग लग्नासाठीच्या मिठाईची टोपलीन् टोपली. त्याच गच्चीवर येऊन कापडवाल्याने गठ्ठे टाकले, खानावळवाल्याने तांदूळ, कारकुनाने दप्तरं. धपाधप पडणाऱ्या मालाने वाघ बिचकला, कोपऱ्यात सरकला, गुरगुरत राहिला. खोपटातून शेळी एकदा ओरडली. वाघाने मान वळवली. तेवढ्यात शेवटचा गठ्ठा पडला. रास अर्ध्या तटापर्यंत आली होती. वाघ तिच्यावर चढला, झेपावला आणि पलीकडे नाहीसा झाला.

हलवाई धावत खाली गेला आणि आईच्या पायांवर पडून लहान मुलासारखा रडला. तिचा दंड पंज्याने ओरबाडला होता.

"माझ्या पाया पडून काय होणार?" आई म्हणाली. "वेस उघडली की बाहेर जा आणि काय करून ठेवलंयस ते बघ."

सकाळी तो गेला. इतक्या दिवसांत ती रास त्याने खालून कधी पाहिलीच नव्हती. पायथ्याला रुंद, वर निमुळती, चढायला अगदी सोपी. तो चढत गेला. माथ्यावर त्याच्याच दुकानाचे द्रोण होते आणि त्यांच्यावर वाघाचे पंजे उमटले होते.

जो कचरा आपण निस्तरत नाही, तोच एक दिवस आपल्यावर येणाऱ्या संकटाची पायरी होतो.