मडक्यामागची कोळंबी

दवाखान्यांत काचेच्या पेट्यांमधून रंगीत मासे ठेवायची पद्धत नुकतीच सुरू झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. अशा एका पेटीत एक गप्पी मासोळी आणि एक म्हातारी कोळंबी शेजारी राहत. गप्पी दिवसभर बडबड करी आणि कोळंबी ती मायेने ऐकून घेई.

एकदा कोळंबी म्हणाली, "बाळ, आज मी कात टाकणार. नवं कवच कडक होईपर्यंत माझं अंग लोण्यासारखं मऊ असतं. तोवर त्या फुटक्या मडक्यामागे लपते. कुणाला सांगू नकोस हं."

"मावशी, मी कशाला सांगेन?" गप्पी म्हणाली.

त्याच पेटीत एक मोठा एंजल मासा होता. तो कधी कुणाशी बोलत नसे. त्या दुपारी मात्र तो स्वतःहून गप्पीजवळ आला.

"काय सुंदर शेपटी आहे तुझी! आज एकटीच? मावशी दिसत नाहीत त्या?"

एवढा मोठा मासा आपली विचारपूस करतोय म्हणून गप्पी हुरळून गेली. "मावशींनी कात टाकलीय ना! मडक्यामागे बसल्यात," ती बोलून गेली.

एंजल तडक वळला. गप्पी जिवाच्या आकांताने त्याच्यामागे गेली. पण ती पोहोचली तेव्हा मडक्यामागे कोळंबीच्या दोन मिशा तेवढ्या तरंगत होत्या.

"तुम्ही मला फसवलंत!" गप्पी रडत म्हणाली.

"मी फक्त विचारलं," एंजल म्हणाला. "सांगितलंस तू."

संध्याकाळी वरून दाणे पडले. सगळे मासे वर झेपावले. गप्पी मडक्यापाशीच थांबली.