टोपीचा रकाना

फॉर्मवर ‘रुग्ण बरा आहे’ असं लिहिलेलं वाचलं, तर तुम्ही काय समजाल?

विमा कंपनीनेही तोच अर्थ घेतला, आणि हरबा नलवडे यांची पुढची बारा सेशन्स थांबवली.

मिरजेत तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीत, एका दुकानाच्या वर, डॉक्टर नंदिनी आवटींचा स्पीच थेरपीचा दवाखाना आहे. बोलताना अडखळणारी, बोलणं हरवून बसलेली माणसं तिथे येतात. त्यांच्या विम्याचे कागद बावीस वर्षं इंदूमावशी पाहत होत्या. मावशी मॅट्रिक. गुडघ्यांना जिना झेपेना, तेव्हा आपल्या हाताखाली कोणीतरी शिकून तयार व्हावं, असं त्यांनीच डॉक्टरांना सुचवलं.

म्हणून वृषाली कोठावळे आली. कोल्हापुरात विमा कंपनीच्याच ऑफिसात तिने आठ वर्षं काढली होती. आल्याआल्या तिने सांगून टाकलं, की तिने भरलेला क्लेम आजवर कधी परत आलेला नाही.

मावशींनी तिला पहिलं काम दिलं. रोज एक तास बाहेर बाकावर, पेशंटांमध्ये बसायचं.

“आणि करायचं काय?”

“बसायचं.”

वृषाली दोन दिवस बसली. तिसऱ्या दिवसापासून ती आतल्या टेबलाशीच बसू लागली, दार लावून. खालून तंबोरे लावण्याचा आवाज येतो, त्याने आकडे चुकतात, असं तिचं म्हणणं पडलं.



आणि सहाव्या आठवड्यात विमा कंपनीचं ते पत्र आलं. रुग्ण बरा झाला असल्याने पुढील उपचारांना मंजुरी नाही. हरकत असल्यास आज सायंकाळी पाचपर्यंत कळवावे.

हरबांच्या घरून बारा सेशन्स पदरमोड करून होण्यासारखी नव्हती. मंजुरी नाही म्हणजे उपचार बंद.

मावशींनी पत्र वाचलं, मग वृषालीने भरलेला फॉर्म वाचला. हे कोणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं.

वृषालीची मान ताठ होती. डॉक्टरांचं अक्षर लागत नव्हतं, तरी तिने अंदाजाने काही लिहिलं नव्हतं. तिने सरळ पेशंटच्या घरी फोन लावला होता. बायको गिरणीत गेली होती, फोन हरबांनी स्वतः घेतला होता.

“खुद्द पेशंटशी बोलले, मावशी. याहून जास्त खात्री कशी करायची?”

“काय काय विचारलंस?”

“आता कसं आहे, विचारलं. ‘बरं’ म्हणाले.”

“मग?”

“बोलता येतं का, विचारलं. तेव्हाही ‘बरं’ म्हणाले. मी लिहिलं, बरं बोलता येतं.”

“अजून?”

“पुढची सेशन्स नकोत ना? ... ‘बरं’ म्हणाले.”

मावशी तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलू लागले. त्या इतक्या हसल्या, की चष्मा काढून पदराने डोळे पुसावे लागले. वृषालीला ते फार लागलं. चूक कुठे झाली ते तरी सांगा, असं ती म्हणाली.

मावशींनी चष्मा परत लावला.

“हरबा बाहेर आलेत. जा, त्यांना आणखी एक प्रश्न विचारून ये.”

“कुठला?”

“कुठलाही.”

बाकावर पांढरी टोपी घातलेले एक धिप्पाड गृहस्थ बसले होते. शेजारी त्यांची बायको, मालनबाई. वृषाली समोर उभी राहिली आणि अगदी साधा प्रश्न विचारायचा म्हणून तिने त्यांचं नाव विचारलं.

हरबांनी तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या. कपाळावर घाम आला.

“बरं,” ते म्हणाले.

वृषालीला वाटलं, ऐकू आलं नसावं. ती खाली वाकली आणि शेजारी बसल्यात त्यांचं नाव काय, असं विचारलं.

हरबांनी बायकोकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“बरं,” ते म्हणाले. या वेळी अगदी हळू.

मालनबाईंनीच मग सांगितलं. यांनी एसटी स्टँडवर तीस वर्षं गाड्या पुकारल्या. तासगाव, जत, विटा, सगळं तोंडपाठ. पॅरालिसिसचा झटका आला त्या दिवसापासून एवढा एकच शब्द उरला आहे. भूक लागली तरी तोच, राग आला तरी तोच.

“चाळीस वर्षं संसार केला, माझ्या एका बोलण्याला कधी ‘बरं’ म्हणाले नाहीत,” त्या म्हणाल्या. “आता दिवसभर म्हणतात. पण मला ते भांडणच परत पाहिजे, बाई.”

हरबा हसले. बाकावरची माणसंही हसली.

वृषाली हसली नाही.  तिने तिसरा प्रश्न विचारला, कारण तोच तिने फोनवरही विचारला होता.

“काका, उपचार बंद करायचे का?”

“बरं,” हरबा म्हणाले. “बरं, बरं, बरं.”

आणि म्हणता म्हणता त्यांनी मान हलवली. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, इतक्या जोरात, की डोक्यावरची टोपी उडून वृषालीच्या पायाशी पडली.

फोनवर मान दिसत नाही...

वृषालीने टोपी उचलली. झटकली. दोन्ही हातांनी त्यांच्या डोक्यावर ठेवली.

ती आत आली तेव्हा साडेतीन झाले होते.

“मावशी, माझं चुकलं.”

 मावशींनी हरकतीचा फॉर्म तिच्यापुढे सरकवला. त्यात ‘रुग्णाची सद्यस्थिती’ म्हणून दोन ओळींचा रकाना होता.

वृषालीने आधी कच्च्या कागदावर लिहिलं. मेंदूच्या कुठल्या भागाला इजा, कुठल्या नियमाखाली मंजुरी मिळायला हवी, सगळं कलमांसकट. पान भरलं.

मावशींनी ते वाचलं, चार घड्या घातल्या आणि डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं. टेबल स्थिर झालं.

दुसरं पान वृषालीने स्वतःच फाडलं.

तिसऱ्या वेळी तिने थेट फॉर्मवरच लिहिलं. नाव काय? ‘बरं.’ पत्नीचे नाव काय? ‘बरं.’ उपचार बंद करायचे का? ‘बरं.’ रुग्णाकडे आज एवढा एकच शब्द आहे.

मावशींनी फॉर्म डोळ्यांजवळ धरला. खालच्या दुकानात कोणीतरी तार छेडत होतं, कान देत होतं, पुन्हा छेडत होतं.

“टोपीचं लिहिलं नाहीस.”

वृषालीला वाटलं, मावशी थट्टा करताहेत. पण त्या हसत नव्हत्या.

“टोपीला रकाना नाही, मावशी.”

“समास आहे की.”

वृषालीने फॉर्म आडवा धरला आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं : उपचार बंद करायचे का असे विचारल्यावर रुग्णाने ‘बरं’ म्हणत डोक्यावरची टोपी पडेपर्यंत नकारार्थी मान हलवली. मी समक्ष पाहिले.

आठ वर्षांत तिने समासात कधी काही लिहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी सही करताना ते वाचलं आणि पेन हातात धरूनच हसत सुटल्या. पाचला दहा मिनिटं असताना फॉर्म कंपनीकडे गेला.

मावशींनी पिशवी उचलली. वृषाली त्यांच्यामागून जिन्यापर्यंत आली. 

“मावशी, मंजूर होईल ना?”

मावशी कठडा धरून एक पायरी उतरल्या. थांबल्या. वळून तिच्याकडे पाहिलं...

“बरं,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला बारा सेशन्सची मंजुरी आली. वृषालीने हरबांच्या घरी फोन केला नाही. ते येईपर्यंत ती बाहेर बाकावर बसून राहिली.