गिळलेला पाहुणा

प्राण्यांच्या अंगातले पहारेकरीही जेव्हा बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. चिखली नावाच्या डुकरिणीच्या छातीत असे पुष्कळ पहारेकरी होते. श्वासाबरोबर रोगाचा जंतू आत आला की त्याला गिळून टाकायचं, एवढीच त्यांची रीत.

एकदा एक इवलासा विषाणू आत आला. तो पळाला नाही, भांडलाही नाही. "दादा, गिळा मला," म्हणाला.

"असा शहाणा जंतू आजवर आला नव्हता!" पहारेकरी पोट धरून हसले आणि एकाने त्याला गिळलं.

विषाणू मेला नाही. पोटातच बसून तो एकाचे अनेक झाला. बाहेर पडलेल्यांना बाकीच्यांनी गिळलं आणि एकेक पहारेकरी आतून फुटला. बाहेर चिखलीला नुसता खोकला आला, थोडा ताप आला आणि उतरलाही. बरं वाटलं म्हणून ती चिखलात लोळायला गेली.

तेवढ्यात धुळीतला एक साधा जंतू आत शिरला. त्याचे भाऊबंद रोज दारातच गिळले जायचे, म्हणून तो सवयीने दारात थांबला. कुणीच आलं नाही. कोपऱ्यात एक म्हातारा पहारेकरी तेवढा बसला होता.

"आजोबा, बाकीचे कुठे गेले?"

म्हाताऱ्याने सगळं सांगितलं. मग हळूच म्हणाला, "मरायला एवढा उतावीळ कोण असतो, असं माझ्या मनात आलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"सगळे हसत होते रे. मीही हसलो."

जंतूने मागे वळून आपल्या भाऊबंदांना हाक मारली. चिखलीचा श्वास घरघरू लागला.